उशाशी बसणाऱ्यांसाठी
(प्रस्तावना)

मूल आजारी पडणे ही संसारातली नित्याची बाब आहे, आणि नित्याच्या आजारासाठी आपल्या घरांतून नित्याचा शिरस्ताही ठरून गेलेला आहे. अंग तापले की कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी, पोट बिघडले की मऊ भात, खोकला लागला की आल्याचा रस आणि मध, काहीच उमजेनासे झाले की तिन्हीसांजेला मीठमोहऱ्यांनी दृष्ट. आणि इतके करूनही उतार पडला नाही तर मग नाक्यावरच्या डॉक्टरांचे तीन दिवसांचे औषध. या साऱ्या धावपळीच्या मुळाशी आईबापांची एक खात्री असते, की चार दिवसांत पोर पुन्हा अंगणात धावू लागेल. परंतु पंधरा दिवस लोटले तरी ताप हटत नाही, चेहरा पांढराफटक पडतो, कुठे लागले-पडले नसता मांडीवर निळे डाग उमटतात, धावते-बागडते पोर पाय दुखतात म्हणून कडेवर घ्या म्हणू लागते, आणि मग एके दिवशी तालुक्याच्या गावचे डॉक्टर रक्ताच्या तपासणीचा कागद दोनदा वाचून पाहतात, मुलाला आईबरोबर बाहेर पाठवतात व बापाला खुर्चीवर बसवून, 'याला मुंबईला न्या, टाटाला,' एवढेच सांगतात, तेव्हा ती खात्री एका क्षणात नाहीशी होते आणि तिच्या जागी दुसरे काहीही येत नाही. या रिकाम्या झालेल्या जागी काहीतरी ठेवावे, एवढ्यासाठी प्रस्तुत पुस्तकाचा प्रपंच आहे.

पुस्तक लिहिणारे कोणी पंडित नव्हेत. ज्यांच्या लहान मुलांवर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार झाले अशा काही आईबापांनी एकत्र बसून, आपापल्या आठवणी व टिपणे ताडून पाहून ते सिद्ध केले आहे. त्यांच्यापैकी काहींची मुले आज कॉलेजात जातात. काहींची आज नाहीत. आणि दोन्ही प्रकारच्या आईबापांनी हे काम सारख्याच निष्ठेने केले, याची नोंद प्रारंभीच करणे मला अगत्याचे वाटते. माझे आयुष्य जिल्ह्याच्या गावी लहान मुलांचा डॉक्टर म्हणून गेले. 'टाटाला न्या' हे वाक्य उच्चारण्याची पाळी माझ्यावरही पुष्कळदा आली, आणि त्या वाक्यानंतर एखाद्या कुटुंबावर काय काय गुदरते ते पुढे परळ-दादरच्या धर्मशाळांतून जाऊ-येऊ लागल्यावर मी फार जवळून पाहिले. त्या पाहण्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे आणि तेच या प्रस्तावनेत मांडावयाचे आहे. लहान मुलाच्या दीर्घ व कठीण आजारात आईबाप हे उपचारांचाच एक भाग असतात, डॉक्टर व परिचारिका यांच्याइतकाच महत्त्वाचा. आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या कामाचा पाया म्हणजे मुलाशी खरे बोलणे.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. लहान मुलांत आढळणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे एक तृतीयांश रक्ताचे असतात, आणि त्यांतही तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रकार सर्वांत अधिक. दोन ते पाच या वयात तो विशेषेकरून दिसतो. आपले रक्त हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होते. तेथे एका जातीच्या कोवळ्या पांढऱ्या पेशी पक्व न होता बेसुमार वाढू लागतात आणि इतर पेशींची जागा अडवून बसतात. मग तांबड्या पेशींच्या तुटवड्याने फिकटपणा येतो, प्लेटलेटच्या तुटवड्याने निळे डाग उमटतात, आणि रोगजंतूंशी झुंजणाऱ्या कामाच्या पेशी उरत नाहीत म्हणून ताप हटत नाही. हा रोग उष्ट्याने वा संसर्गाने होत नाही. बहुतेक मुलांत तो घराण्यातून आलेला नसतो. गरोदरपणी ग्रहणात आईने विळी हाती धरली, अमुक व्रत मोडले, तमुक देवाला नवस बोलून फेडला नाही, यांपैकी कशानेही तो होत नाही. हे मी ठासून लिहितो, कारण मूल वॉर्डात सलाईनवर असताना गावाकडून आलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने त्या आईला व्हरांड्यात उभी करून हेच प्रश्न विचारलेले मी ऐकले आहेत, आणि त्या आईचा चेहराही पाहिला आहे. आधीच खचलेल्या बाईच्या माथी असला खोटा दोष मारणे हा अन्याय आहे, आणि घरातल्या कर्त्या माणसांनी तो पहिल्याच दिवशी बंद पाडला पाहिजे.

उपचारांचा इतिहास आईबापांना सांगण्यात काय हशील, असे हस्तलिखित वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी मला विचारले होते. माझे उत्तर असे, की आपल्या लेकराच्या शिरेतून जे औषध जाते ते कोठून आले हे ज्याला ठाऊक असते त्याचा हात औषध पाजताना कमी थरथरतो. आणि ही हकीकत बरीचशी आपल्याच परळात घडलेली आहे. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. कापडगिरण्यांतून राबणाऱ्या गरोदर बायकांना ग्रासणाऱ्या, पुष्कळदा त्यांचा जीव घेणाऱ्या पंडुरोगाचा छडा लावण्याचे काम त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत चालवले. आणि बाजारात मार्माईट या नावाने मिळणाऱ्या यीस्टच्या स्वस्त अर्काने तो पंडुरोग बरा होतो, असे दाखवून देणारा त्यांचा लेख 1931 साली प्रसिद्ध झाला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फॉलिक आम्ल या नावाने ओळखले गेलेले जीवनसत्त्व होय. रक्ताच्या पेशींना वाढीसाठी ते लागते, तर मग ज्या पेशी बेसुमार वाढत सुटल्या आहेत त्यांना ते मिळूच दिले नाही तर काय होईल, हा प्रश्न अमेरिकेत बोस्टन येथे मुलांच्या इस्पितळात काम करणाऱ्या सिडनी फार्बर यांच्या मनात आला. या आम्लाला रोखणारे द्रव्य त्यांना मिळाले ते आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेतून. 1948 साली फार्बर यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला: सोळा आजारी मुलांपैकी दहांना उतार पडला होता. तो उतार तात्पुरता ठरला, आणि सुब्बाराव त्याच वर्षीच्या ऑगस्टात वारले. तथापि त्या द्रव्याचे भावंड जे मेथोट्रेक्झेट, ते आज परळच्या टाटा रुग्णालयात, हाफकिन संस्थेपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, शेकडो मुलांना नेमाने दिले जाते. गिरणगावातल्या अनामिक बायकांच्या रक्ताची तपासणी ज्या वाटेच्या आरंभी आहे, त्याच वाटेवर आज बीडच्या किंवा चंद्रपूरच्या शेतमजुराचे पोर चालते आहे, हा विचार मला नेहमीच मोठा धीर देतो.

दुसरे औषध तर आपल्या दारचेच. ज्या सदाफुलीच्या ताटव्यातून फुले खुडून आपण देवाला वाहतो तिच्यातून काढलेले व्हिंक्रिस्टीन हे द्रव्य 1963 पासून या रोगावर वापरात आहे, आणि आजही पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा ते बहुतेक मुलांना दिले जाते. याचा अर्थ सदाफुलीची पाने वाटून पाजावीत असा मात्र कोणी करू नये. असे करणारे महाभाग मी पाहिले आहेत. पानातले द्रव्य मोजून-मापून, मुलाच्या अंगाच्या क्षेत्रफळाच्या हिशोबाने शिरेतून देणे निराळे, आणि काढा करून पाजणे निराळे. काढ्याने इलाज तर होत नाहीच, उलट अपाय मात्र होऊ शकतो.

टाटा रुग्णालयाची स्थापना 28 फेब्रुवारी 1941 रोजी झाली. तिच्यामागेही याच रोगाची एक दुःखद हकीकत आहे: सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली ल्युकेमियाने वारल्या. याच रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले अस्थिमज्जा-प्रत्यारोपण केले. लहानपणी पोलिओने पाय गेलेला हा माणूस चाकांच्या खुर्चीतून वॉर्डावॉर्डांत फिरून रुग्ण पाहत असे, आणि ती खुर्ची दारातून आत येताना पाहणाऱ्या आजारी मुलांना व त्यांच्या आईबापांना निराळे काही सांगण्याची फारशी गरज उरत नसावी.

एक गोष्ट मात्र येथे विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिच्यावरून वॉर्डात हमखास तंटा होतो. आरंभीच्या काळी औषधांनी रक्तातला रोग हटे, आणि काही महिन्यांनी तो मेंदूभोवतालच्या द्रवातून पुन्हा डोके वर काढी, कारण शिरेतून दिलेली औषधे तेथवर पुरेशी पोहोचत नाहीत. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दडून बसलेल्या पेशींसाठी आरंभापासूनच वेगळी तजवीज केली, आणि जेथे जवळजवळ सारी मुले दगावत तेथे निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. आपल्या वॉर्डातून ज्याला 'पाठीतलं इंजेक्शन' म्हणतात ते याच तजविजीचा भाग आहे. पाठीतले पाणी काढले की पोर लुळे पडते, असा समज खेड्यापाड्यांतून घट्ट रुजलेला आहे, आणि संमतीच्या कागदावर सही करण्याच्या वेळी आजोबा किंवा चुलते तोच धरून बसतात. सुई जेथे घालतात तेथे मज्जारज्जू नसतो. तो त्याच्या वर संपलेला असतो. हे साधे वाक्य चित्र काढून समजावले तर शंका बहुधा मिटते. व्हिंक्रिस्टीनने काही मुलांचे पाऊल लोंबते, जबडा दुखतो, शौचास खडा होतो. ही लक्षणे डॉक्टरांना सांगितलीच पाहिजेत, पण त्यांचा दोष पाठीतल्या सुईवर ढकलून पुढची सुई चुकवणे हे मुलाच्या जिवावर बेतणारे आहे.

श्रीमंत देशांत आज या रोगाची दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. आपल्याकडचे प्रमाण त्याहून कमी आहे, आणि त्याची कारणे औषधांत थोडी व औषधांबाहेर पुष्कळ आहेत: उशिरा झालेले निदान, वाटेतले जंतुसंसर्ग, आणि सर्वांत जिव्हारी लागणारे म्हणजे अर्ध्यावर सोडून दिलेले उपचार. उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. पहिल्या महिनाभरातच बहुतेक मुलांच्या मज्जेतून रोगाच्या पेशी दिसेनाशा होतात, पोर हसू-खेळू लागते, आणि इकडे बापाची मजुरी बुडालेली असते, पेरणी तोंडावर आलेली असते, धाकटे मूल आजीजवळ झुरत असते. मग 'आता बरं वाटतंय तर घेऊन जाऊ' हा विचार फार सहज मनात येतो. जेथे राहण्याची, जेवणाची, प्रवासखर्चाची व दोन शब्द बोलणाऱ्या माणसाची व्यवस्था झाली तेथे अशी मुले गळण्याचे प्रमाण झपाट्याने उतरले, हा खुद्द टाटा रुग्णालयाचाच अनुभव आहे. दादरची गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारखी ठिकाणे ही म्हणूनच उपचारांच्या बाहेरची बाब नव्हे. गाडगेबाबांना हे फार पूर्वी उमगले होते. इस्पितळाच्या दारात फुटपाथवर पथारी टाकून बसलेले रुग्णाचे गणगोत पाहून त्यांनी धर्मशाळा उभारायला घेतल्या.

अशाच एका धर्मशाळेत पहाटे तीनला स्वयंपाकघराचा दिवा लागलेला मी पाहिला आहे. पहिल्या महिन्यात मुलांना स्टेरॉइडच्या गोळ्या असतात, आणि त्या गोळ्यांनी जी भूक लागते तिला वेळकाळ नसतो. चार वर्षांची एक मुलगी अंथरुणात उठून बसली होती आणि तिला भाकरी व ठेचाच हवा होता. तिची आई पीठ मळता मळता तिच्याशी शांतपणे वाटाघाट करीत होती: "भाकरी देते राणी, ठेचा न्हाई, तोंडात फोड हायेत का न्हाई? बेसन घालते, झणझणीत लागंल असं." मुलगी चिडली, तिने पेला भिरकावला, आणि आईने पीठ लागल्या हाताने तो उचलून, "पेला फेकायचा न्हाई, राग आला तर सांग मला," एवढेच म्हणून तव्यावर भाकरी टाकली. आजारी मुलाचे संगोपन म्हणजे काय याचा इतका संपूर्ण पाठ मला दुसरीकडे मिळालेला नाही. तो राग पुष्कळसा औषधाचा असतो हे त्या बाईला माहीत होते, म्हणून तिने हात उगारला नाही. आणि पेला फेकणे चुकीचे आहे हे आजारानेही बदललेले नाही, हेही तिने सोडले नाही. पुष्कळ आईबाप दयेपोटी सारे नियम उठवतात. मागेल ते खेळणे, हवे तेव्हा मोबाईल, धाकट्याला मारले तरी 'असू दे, आजारी आहे तो'. मुलाला मात्र यातून एकच अर्थ कळतो, की आपले काहीतरी फारच भयंकर बिनसले आहे. घरातले जुने नियम टिकणे हे त्याच्या दृष्टीने घर टिकल्याचे लक्षण असते.

आता खरे बोलण्याविषयी. सुईच्या खोलीच्या दारात उभे राहिले तर खोट्याचे सारे नमुने तासाभरात ऐकावयास मिळतात: आपण फक्त बघून यायचं, डॉक्टरकाका हात लावणार नाहीत, सुई नाही, मुंगी चावेल. पहिल्या वेळी मूल विश्वास ठेवते. दुसऱ्या वेळी चाचरते. तिसऱ्या वेळेपासून ते रुग्णालयाची पायरी दिसली की रडते, कारण आता आईच्या 'आज काही नाही' या शब्दालाही किंमत उरलेली नसते. याच्या उलट वागणारा एक बाप माझ्या चांगला स्मरणात आहे. ट्रकवर क्लीनरचे काम करणारा, मराठवाड्यातला. पाच वर्षांच्या मुलापुढे उकिडवा बसून तो म्हणाला, "आज पाठीत सुई हाय. दुखंल. मी धा मोजेपर्यंत दुखंल. रडलास तरी चालतंय, हलायचं तेवढं न्हाई." मुलाने विचारले, "उद्या?" बाप म्हणाला, "उद्या न्हाई. उद्या नुस्ती गोळी." आणि ते पोर दुसऱ्या दिवशी खरोखरच निर्धास्तपणे व्हरांड्यात गाडी फिरवीत बसले. त्या बापाने 'आहे' म्हणून खरे सांगितले होते, म्हणून त्याचे 'नाही' मुलाला पुरले. अशा उपचारांत दुखण्याचे दिवस कमी करणे पुष्कळदा आपल्या हाती नसते; पण न दुखण्याचे दिवस भीतीवाचून जाऊ देणे हे आईबापांच्या हाती असते, आणि त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाच्याही नाही. बधिर करणारे मलम तासभर आधी लावून घ्यावे, मोठ्या तपासण्यांना गुंगीचे औषध मिळते का ते विचारावे, मुलाला मांडीवर धरून बसण्याची परवानगी मागावी. ही मागणी करण्यात उर्मटपणा नाही.

आणि आपल्याकडची एक जुनी खोड मुळापासून उपटली पाहिजे: 'ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई देईल' ही धमकी. ती ऐकत वाढलेले मूल आजारी पडले की सुई ही शिक्षाच समजते आणि आपला गुन्हा कोणता, ते मनातल्या मनात शोधू लागते. म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलालाही पहिल्याच आठवड्यात स्वच्छ सांगावे, की तुझे रक्त आजारी झाले आहे. ते बरे करायला औषध लागते आणि ते पुष्कळ दिवस घ्यावे लागेल. औषधाने केस जातील आणि पुन्हा येतील. 'लाल औषध' दिले की शू लाल होईल, तिला भ्यायचे नाही. आणि तू काही वाईट वागलास म्हणून हे झालेले नाही. हे एकदाच सांगून भागत नाही. मूल पुन्हा पुन्हा, बहुधा आंघोळीच्या वेळी किंवा दिवा मालवल्यावर, विचारते, आणि त्या त्या वेळी उत्तर द्यावे लागते.

मुलांना काय कळते, असे म्हणणाऱ्यांसाठी मी एकच दाखला देतो. मायरा ब्लूबाँड-लँग्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये कित्येक महिने वावरून 1978 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या मुलांना त्यांच्या आजाराविषयी कोणीही काही सांगितलेले नव्हते, आणि तरीही त्यांना औषधांची नावे, त्यांचे परिणाम आणि शेवटी आपण वाचणार नाही हेसुद्धा कळलेले होते. ते त्यांना एकमेकांकडून आणि मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून कळले होते. आणि ते ठाऊक असल्याचे त्यांनी लपवले होते, कारण आईबाप तो विषय टाळतात हे त्यांनी ओळखले होते. सहा वर्षांच्या जिवाने आईला दुःख होऊ नये म्हणून आपली भीती एकट्याने गिळावी, यापरते एकटेपण मला कल्पिता येत नाही. आपण न बोलण्याने त्याचे रक्षण करतो असे समजतो आणि प्रत्यक्षात तो आपले रक्षण करीत असतो.

विलायतेत एके काळी रुग्णालयांतून आईबापांना दूर ठेवण्याचीच रीत होती. शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस एकटी ठेवलेली दोन वर्षांची मुलगी कशी कोमेजत जाते, हे जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली चित्रपट घेऊन दाखवले तेव्हा तेथील वैद्यकजगतात खळबळ उडाली, आणि 1959 च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईला मुलाजवळ राहू द्यावे अशी शिफारस केली. आपल्याकडे आई खाटेखाली चटई टाकून पहिल्यापासून राहत आली. परंतु तिला तेथे राहू दिले ते बहुधा परिचारिका अपुऱ्या म्हणून. तिला शिकवले काहीच नाही. सलाईन संपत आले तर कोणाला हाक मारावी, काउंट म्हणजे काय, रिपोर्टातला कोणता आकडा पाहायचा, हे ती शेजारच्या खाटेवरच्या आईकडून शिकते. तेच शिक्षण या पुस्तकात पद्धतशीर दिले आहे, आणि माझ्या मते त्याचा हा भाग सर्वांत मोलाचा आहे.

त्यातले तापाचे प्रकरण तर प्रत्येकाने पहिल्या दिवशीच वाचावे. आरंभी मी ज्या मिठाच्या पाण्याच्या घडीचा उल्लेख केला ती या मुलांच्या बाबतीत विसरावी लागते. औषधांनी पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना आलेला ताप, 38 अंश सेल्सियस म्हणजे फॅरनहाईटच्या हिशोबाने 100.4 वा अधिक, हा ताप नव्हेच. ती घरातून ताबडतोब निघण्याची सूचना आहे. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट पाहू, नाक्यावरच्या डॉक्टरांचे एक इंजेक्शन घेऊ, सासरे शेतावरून आले की गाडी काढू, यांत जे तास जातात त्यांत मूल जाते. थर्मामीटर, फाईल, रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि गाडीवाल्याचा दूरध्वनी क्रमांक हे सारे एका पिशवीत दाराशी टांगलेले असावे. घरी कोणास कांजिण्या निघाल्या तर तेही त्याच दिवशी कळवावे.

कागदपत्रांविषयी मी फार लिहीत नाही, कारण पुस्तकात ते तपशीलवार आहे: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, पिवळी वा केशरी शिधापत्रिका, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा अर्ज, रेल्वेच्या सवलतीचा दाखला, मुख्यमंत्री सहायता निधीची दरखास्त. तलाठ्याच्या शिक्क्यावाचून एखाद्या मुलाची केमो लांबू नये, म्हणून हे काम आईकडे न देता घरातल्या एका कर्त्या माणसाकडे संपूर्ण सोपवावे, आणि प्रत्येक कागदाच्या पाच नकला काढून ठेवाव्यात.

परंतु एक कागद असा आहे, की जो कोणत्याही कचेरीत मिळत नाही: मुलीवरही उपचार करण्याची घरच्यांची संमती. आपल्या देशातील कर्करोगाच्या रुग्णालयांतून मुलांच्या मानाने मुली कमी दिसतात, आणि रोगाच्या स्वभावातला फरक हिशोबात धरूनही हे अंतर भरून निघत नाही. याचा अर्थ काही मुली वॉर्डाच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. 'पोरीच्या जातीला एवढा खर्च' हे वाक्य माझ्यासमोर सहसा कोणी उच्चारले नाही. पण पुढच्या तारखेला न आलेल्या मुलींचे कागद माझ्या कपाटात साचत गेले, आणि ते मला अजून छळतात. हे पुस्तक ज्या घरात जाईल त्या घरात मुलगी असेल तर तिच्या बापाने हा परिच्छेद वाचून मगच पुढचे पान उलटावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मागे राहिलेल्या भावंडांवर एक छोटे प्रकरण आहे. मामाकडे पाठवलेला आठ वर्षांचा भाऊ कोणास दिसत नाही. त्याला आपल्यालाही तो रोग होईल अशी धास्ती असते, आणि आपण भांडणात ढकलले म्हणूनच हे झाले असेही वाटत असते. रोज ठरल्या वेळी फोन करून त्याच्याशी पाच मिनिटे त्याच्याच शाळेविषयी बोलावे, ही सूचना मला फार पटली.

ज्यांची मुले वाचली नाहीत अशा आईबापांनी लिहिलेल्या पानांविषयी मी बोलावे असा माझा अधिकार नाही. इतकेच सांगतो, की रोग उलटून आल्यावर, आणखी औषधांनी केवळ त्रासच वाढणार हे स्पष्ट झाल्यावर, वेदना थांबवण्याचे उपचार शिल्लक असतात, मॉर्फिन मुलांनाही सुरक्षितपणे देता येते, आणि मुलाला आपल्या घरी, आपल्या माणसांत राहू देणे हाही उपचारच आहे. त्या पानांतील एका आईने आपल्या मुलीच्या प्रश्नाला काय उत्तर दिले ते वाचताना मला पुस्तक काही वेळ खाली ठेवावे लागले.

शेवटचे प्रकरण उपचार संपल्यानंतरचे आहे, आणि ते अनपेक्षितपणे लांब आहे, ते योग्यच झाले. रोजची गोळी थांबते त्या दिवशी आईबापांना आनंद व्हावा अशी सर्वांची अपेक्षा असते आणि त्यांना भीती वाटते, कारण दोन-अडीच वर्षे त्यांच्या व रोगाच्या मध्ये ती गोळी उभी होती. साधे पडसे आले तरी छाती धडधडते. तपासणीच्या तारखा पाळाव्यात, राहिलेल्या व पुन्हा द्यावयाच्या लसी डॉक्टरांना विचारून द्याव्यात, आणि मुलाला शाळेत घालावे. केस अजून नीट वाढलेले नसतात, दीड वर्षाचा अभ्यास बुडालेला असतो, आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला घरून 'त्याच्या डब्यातलं खाऊ नको' असे सांगितलेले असते. म्हणून मुख्याध्यापकांना द्यावयाच्या पत्राचा एक नमुना पुस्तकाच्या अखेरीस छापला आहे. हा रोग संसर्गाने पसरत नाही, या मुलास कवायतीस व सहलीस घ्यावे, आणि वर्गात कांजिण्या निघाल्या तर पालकांस त्याच दिवशी कळवावे, असे तीन मुद्दे त्यात आहेत. नावाची व इयत्तेची जागा कोरी ठेवली आहे. ते पान कात्रीने कापून घेता यावे म्हणून त्याची मागची बाजूही मुद्दाम कोरी आहे.